डाव्या खांद्यावरची हार्प : नान्सी रिचर्ड्स आणि वेल्सचे पारंपरिक संगीत

वेल्सच्या लोकसंगीताविषयी, आणि विशेषतः नान्सी रिचर्ड्स या हार्पवादिकेविषयी, वाचकांकडून आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ देश असून त्याची वेल्श भाषा इंग्रजीहून सर्वस्वी वेगळ्या, केल्टिक कुळातली आहे. वेल्श नावे मूळ उच्चाराच्या शक्य तितक्या जवळ जाऊन लिहिली आहेत.

प्रश्न : नान्सी रिचर्ड्स यांच्या हार्पवादनाचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकले. त्यासोबतच्या टिपणात, त्यांच्यामुळे वेल्सची एक संपूर्ण परंपरा वाचली, असे म्हटले होते. एका व्यक्तीमुळे परंपरा वाचते, हे कितपत खरे मानावे? (संगीतशिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. परंपरा अनेकांची असते आणि तिचे श्रेय एकाच नावावर जमा करणे बहुधा इतरांवर अन्याय करणारे ठरते. तरीही तिहेरी हार्पच्या, म्हणजे तारांच्या तीन ओळी असलेल्या वेल्श हार्पच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्याला जुन्या वादनपद्धतीचा धागा इतका बारीक झाला होता, की तो ज्या मोजक्या हातांतून पुढे गेला त्यांत नान्सी रिचर्ड्स यांचे हात सर्वांत महत्त्वाचे होते, हे मी निःसंकोचपणे म्हणेन.

त्यांचा जन्म १४ मे १८८८ रोजी मॉन्टगोमेरीशर परगण्यातील पेन-अ-बॉन्ट-वाउर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. पुढे त्या ‘तेलिनोरेस माल्ड्विन’, म्हणजे माल्ड्विन प्रदेशाची हार्पवादिका, या बिरुदाने वेल्सभर ओळखल्या गेल्या. त्यांच्या घरच्या शेतावर फिरस्ती रोमा कुटुंबे मुक्कामाला येत असत. हा तपशील केवळ चरित्राची शोभा वाढवणारा नाही. अठराव्या शतकात वेल्समध्ये आलेल्या एब्रम वुड यांच्या विस्तृत रोमा कुटुंबाने आधी व्हायोलिन आणि मग हार्प आपलीशी केली होती, आणि वेल्श समाजातील पुष्कळ लोक हार्पकडे पाठ फिरवत असताना या फिरस्त्या कुटुंबांनी जुन्या चाली आणि त्या वाजवण्याची जुनी ढब पिढ्यान्‌पिढ्या जपली. लहान वयातच नान्सी यांच्या कानांवर हे वादन पडले. त्यानंतर त्यांना शिकवले ते टॉम लॉइड यांनी, ज्यांचे बिरुद ‘तेलिनोर कायरिओग’ असे होते. हे शिक्षण मुख्यतः कानांनी ऐकून आणि हातांकडे पाहून झालेले होते.

वेल्समध्ये ‘आयस्टेद्वॉड’ नावाचा काव्य आणि संगीताच्या स्पर्धांचा राष्ट्रीय महोत्सव दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो. १९०८ साली ल्हँगॉल्हेन येथे, १९०९ साली लंडन येथे आणि १९१० साली कॉल्विन बे येथे भरलेल्या महोत्सवांत तिहेरी हार्पची स्पर्धा नान्सी यांनी लागोपाठ तीन वेळा जिंकली. त्यानंतर लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयात त्या काही काळ शिकल्या, पण तिथे रमल्या नाहीत. विद्यालयीन शिस्तीत आपल्या हातांची मूळ ढब हरवेल, ही भीती त्यांच्या पिढीतील अनेक लोककलावंतांना वाटत असे आणि ती निराधार नव्हती. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. १९३० साली त्यांनी ईडिथ एव्हान्स या हार्पवादिकेसह ‘कोर तेलिन एरेरी’ हा हार्पवादक आणि गायकांचा संच स्थापन केला, आणि हा संच वर्षानुवर्षे वेल्समधील लहानमोठ्या गावांत कार्यक्रम करीत राहिला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम हेच होते. ते राजदरबारातल्या वादनापेक्षाही मोठे होते आणि परदेशच्या दौऱ्यांपेक्षाही. खेड्यातल्या सभागृहात, ओळखीच्या माणसांसमोर, त्यांच्याच भाषेतल्या कवितेला साथ करीत हार्प पुन्हा ऐकू येऊ लागली, तेव्हा ती जुन्या काळाची वस्तू उरली नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळतो. नान्सी यांनी नेमके काय वाचवले? चाली वाचवल्या असे म्हणता येणार नाही, कारण वेल्श चालींचा पहिला छापील संग्रह रुआबन येथील अंध हार्पवादक जॉन पॅरी यांनी इव्हान विल्यम्स यांच्यासह १७४२ सालीच प्रसिद्ध केला होता, आणि एडवर्ड जोन्स यांचा मोठा संग्रह १७८४ साली आला. वाद्यही त्यांनी वाचवले असे नव्हे, कारण जुन्या तिहेरी हार्प संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या वाड्यांत उभ्या होत्याच. जे छापता येत नाही आणि काचेच्या कपाटात ठेवता येत नाही ते त्यांनी वाचवले. तीच चाल दुसऱ्यांदा वाजवताना ती कुठे फिरवायची, अलंकार कुठे घालायचा आणि कुठे टाळायचा, आधीची तार कोणत्या क्षणी बोटाने थांबवायची, नाचाच्या चालीत वजन कुठे द्यायचे, या साऱ्याची नोंद कागदावर होत नाही. ते एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते किंवा जातच नाही. नान्सी यांनी ते ऐकणाऱ्याला आणि मागणाऱ्याला देऊन टाकले. अँगल्सी बेटावरील ल्हिओ रदेर्ख यांनी त्यांच्याकडून हे वादन घेतले. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘आर लोग’ या लोकसंगीतसंचातील दावीद आणि ग्विन्दाव रॉबर्ट्स हे बंधूही त्यांच्याचकडे शिकले.

१९६७ साली त्यांना एम.बी.ई. हा ब्रिटिश सन्मान मिळाला आणि १९७७ साली वेल्स विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. २१ डिसेंबर १९७९ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभारलेल्या निधीतून तरुण हार्पवादकांना आजही साहाय्य दिले जाते.

प्रश्न : तिहेरी हार्पमध्ये तारांच्या तीन ओळी कशासाठी असतात? आणि नान्सी रिचर्ड्स यांच्या छायाचित्रात हार्प डाव्या खांद्यावर टेकलेली का दिसते? वाद्यवृंदातील हार्पवादक तर ती उजव्या खांद्यावर घेतात. (वाद्यसंगीताचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : अडचण कोणती होती हे आधी पाहिले की तीन ओळींचे उत्तर आपोआप मिळते. साध्या हार्पला एकाच सप्तकमालेचे सात शुद्ध स्वर असतात, आणि पियानोच्या काळ्या पट्ट्यांसारखे मधले स्वर तिच्यात नसतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या सुमारास इटलीत या अडचणीवर अनेक उपाय करून पाहण्यात आले आणि त्यांतूनच तीन ओळींची हार्प निघाली. तिच्या दोन्ही बाहेरच्या ओळी एकाच स्वरमालेत, एकमेकींशी तंतोतंत जुळवलेल्या असतात आणि मधली ओळ उरलेल्या अर्ध्या स्वरांची असते. मधला स्वर हवा असेल तेव्हा वादक बाहेरच्या दोन तारांमधील फटीतून बोट आत घालून मधली तार छेडतो. एकूण तारा शंभराच्या आसपास असतात. सतराव्या शतकात हे वाद्य लंडनमध्ये आले, तिथल्या वेल्श वादकांनी ते उचलले, आणि अठराव्या शतकात ते वेल्समध्ये इतके रुजले की लोक त्याला ‘वेल्श हार्प’ असेच म्हणू लागले. एक वाद्य परक्या देशातून येऊन अशा रीतीने राष्ट्रीय होते, याची मला नेहमीच मोठी गोडी वाटत आली आहे. आपल्या हार्मोनियमचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात आश्चर्य वाटू नये.

बाहेरच्या दोन ओळी एकसारख्या असण्याचा जो खरा लाभ आहे तो मात्र मधल्या ओळीशी संबंधित नाही. एकच स्वर दोन्ही बाजूंना, दोन वेगवेगळ्या तारांवर उपलब्ध असल्यामुळे तो डाव्या आणि उजव्या हाताने आळीपाळीने, अतिशय जलद वाजवता येतो. पहिल्या हाताच्या तारेचा नाद विरण्यापूर्वीच दुसऱ्या हाताची तार तोच स्वर पुन्हा बोलते, त्यामुळे स्वर थरथरत, पाण्यावरच्या तरंगांसारखा पसरत जातो. एका ओळीच्या हार्पवर असा परिणाम साधता येत नाही, कारण तिथे दुसरे बोट त्याच तारेवर ठेवताच आधीचा नाद तुटतो. नान्सी यांच्या ध्वनिमुद्रणांत जो झगमगाट ऐकू येतो त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

खांद्याविषयी आपण नेमके निरीक्षण केले आहे. जुन्या वेल्श पद्धतीत हार्प डाव्या खांद्यावर टेकवून उंच स्वरांच्या तारा डाव्या हाताने आणि खर्जाच्या तारा उजव्या हाताने वाजवतात. वाद्यवृंदातील पेडल हार्पच्या बाबतीत हे नेमके उलट असते. पेडल हार्पला सात पेडल असतात, प्रत्येक पेडल एका स्वराचे, आणि पायाने ते वरखाली करून त्या स्वराच्या सर्व तारा अर्ध्या स्वराने चढवता किंवा उतरवता येतात. पॅरिस आणि लंडन येथील सेबास्टियन एरार यांनी १८१० साली या यंत्रणेचे परिपूर्ण रूप सिद्ध केले, आणि मैफिलींच्या जगात तिहेरी हार्पची पीछेहाट सुरू झाली. पेडल हार्पवर गाण्याच्या मध्यावरही पट्टी बदलता येते. तिहेरी हार्पवर ते फार अवघड आहे. शिवाय शंभर तारा जुळवत बसणे हे काही सोपे काम नव्हे. ज्या मुलांना विद्यालयात हार्प शिकायची होती त्यांना साहजिकच पेडल हार्प आणि उजवा खांदा शिकवला गेला. डाव्या खांद्यावर घडलेल्या हातांची सवय ही म्हणूनच निव्वळ बसण्याची रीत नव्हती, तर तिच्याबरोबर जुन्या वादनाची सगळी घडण जोडलेली होती.

प्रश्न : मी तबलावादक आहे. वेल्श गायनाच्या एका मुद्रणात हार्प एक चाल वाजवते आणि गायिका दुसरीच चाल गाते, शिवाय ती हार्पनंतर काही वेळाने सुरू करते, असे जाणवले. हे मुद्दाम केलेले आहे, की माझ्या ऐकण्यात काही चूक होते आहे? (सांगली)

उत्तर : आपण अगदी बरोबर ऐकले आहे. या गायनप्रकाराला ‘केर्द दांट’ म्हणतात आणि वेल्सच्या बाहेर त्याला जोड नाही. हार्प एक ठरलेली चाल वाजवू लागते आणि ती आवर्तनांमागून आवर्तने तशीच चालू राहते. काही मात्रा गेल्यावर गायक प्रवेश करतो आणि त्याच स्वरसंगतीत बसणाऱ्या, पण हार्पच्या चालीपेक्षा वेगळ्या चालीत कविता गातो. दोघांचा शेवट मात्र एकाच जागी झाला पाहिजे. आपण तबलावादक आहात, म्हणून आपल्याला लेहऱ्याचे उदाहरण सहज पटेल. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा अखंड फिरत असतो, त्याच्यावर तबला आपली स्वतंत्र वीण घालतो आणि समेवर दोघे भेटतात. इथे लेहऱ्याच्या जागी हार्प आहे आणि तबल्याच्या जागी कविता.

हे साम्य मात्र एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, आणि जिथे ते संपते तिथेच या कलेचे खरे वैशिष्ट्य सुरू होते. केर्द दांटमध्ये सत्ता शब्दांची असते. गायकाने कविता अशी बसवायची की बोलताना ज्या अक्षरावर स्वाभाविक आघात येतो ते अक्षर संगीतातल्याही आघातावर यावे, वाक्याचा अर्थ चालीमुळे तुटू नये आणि ओळीचा उच्चार ऐकणाऱ्याला पूर्ण कळावा. वेल्श काव्यात ‘कंगहानेध’ नावाची फार जुनी नादबंधाची व्यवस्था आहे. तिच्यात एकाच ओळीच्या दोन भागांत व्यंजनांची ठरावीक पुनरावृत्ती किंवा अंतर्गत यमके साधावी लागतात. असा बंदिस्त नाद असलेली कविता स्वतंत्र फिरणाऱ्या चालीवर बसवून दोघींचीही शान राखायची, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करता येते. जुन्या काळी उत्तम गायक हार्पवादकाने अचानक दिलेल्या चालीवर, छंद ओळखून, जागच्या जागी कविता बसवीत असत, आणि स्पर्धांमध्ये अशी परीक्षाही होत असे. आज बहुतेक गायक ती आधी बसवून आणि लिहून घेतात. मला व्यक्तिशः जुन्या उत्स्फूर्त रीतीची ओढ वाटते, पण आजच्या पद्धतीमुळे एकाच वेळी अनेकांना, अगदी मोठ्या समूहालाही, केर्द दांट गाता येऊ लागले आहे आणि त्यामुळे ही कला घराघरांत टिकली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

या कलेचे नियम आणि शिक्षण यांसाठी १९३४ साली बाला या गावी केर्द दांट संस्था स्थापन झाली. १९४७ पासून तिचा स्वतंत्र वार्षिक महोत्सव भरत आला आहे. नान्सी रिचर्ड्स यांच्यासारख्या हार्पवादकांचे महत्त्व इथेही लक्षात घेतले पाहिजे, कारण केर्द दांटमध्ये हार्पवादक हा दुय्यम साथीदार नसतो. त्याच्या चालीची गती जराशी जरी हलली तरी गायकाचा पुढचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि त्याने ती निर्जीव वाजवली तर कवितेला उभे राहायला जमीनच मिळत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त कार्डिफमध्ये राहते. इथले लोक सांगतात की चॅपेलच्या धर्मोपदेशकांनी हार्प बंद पाडली. हे खरे आहे का? (कार्डिफ, वेल्स)

उत्तर : खरे आहे, पण अपुरे आहे. अठराव्या शतकात वेल्समध्ये मेथडिस्ट पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. तोवर हार्प वाजत असे ती जत्रांत, लग्नांत, नाचाच्या मेळाव्यांत आणि मद्यगृहांत, आणि नव्या धर्मोत्साहाला या सर्व जागा पापाच्या वाटत होत्या. पुष्कळ वादकांनी पश्चात्तापाच्या भावनेने वाद्य सोडले. हार्पवादक आणि संग्राहक एडवर्ड जोन्स यांनी १८०२ सालच्या आपल्या संग्रहात वेल्सच्या गाण्यानाचण्याच्या अकस्मात ऱ्हासाचा दोष अतिशय कडक शब्दांत उपदेशकांवर ठेवला आहे.

तथापि एकाच कारणावर थांबले तर बाकीचे चित्र दिसत नाही. ज्या उमराव घराण्यांनी पूर्वी पदरी हार्पवादक ठेवले होते त्यांची भाषा आणि रुची हळूहळू इंग्रजी वळणाची झाली. वर सांगितलेल्या पेडल हार्पने मैफिलीची जागा घेतली. राणी व्हिक्टोरिया यांचे हार्पवादक म्हणून गाजलेले जॉन टॉमस हे वेल्शच होते, पण ते पेडल हार्पचे वादक होते. दक्षिणेत कोळसा आणि लोखंडाच्या उद्योगांभोवती जी नवी गावे वाढली त्यांत समूहगायन आणि ब्रास बँड यांची आवड पसरली. चॅपेलनेही लोकांना गाण्यापासून तोडले असे नाही. चार आवाजांत गाण्याची जी सवय वेल्सला लागली ती चॅपेलनेच लावली, आणि तिच्याविषयीही आदर बाळगला पाहिजे.

या काळात तिहेरी हार्पच्या मागे उभ्या राहिलेल्या दोन व्यक्तींचा उल्लेख टाळता येणार नाही. पहिल्या ऑगस्टा हॉल, म्हणजे लेडी लॅनोव्हर (१८०२ ते १८९६). अ‍ॅबरगॅवेनी येथे १८३४ ते १८५३ या काळात भरलेल्या महोत्सवांत तिहेरी हार्प बक्षीस म्हणून दिल्या जात, त्यामागे त्यांचा आग्रह होता. त्यांनी आपल्या वाड्यात हार्पवादक ठेवले आणि वाद्ये बनवणाऱ्यांना कामही दिले. दुसरे जॉन रॉबर्ट्स (१८१६ ते १८९४), न्यूटाउन येथे राहिलेले आणि एब्रम वुड यांच्याच रोमा वंशातले; ते आपल्या मुलांसह गावोगाव हार्प वाजवीत फिरत आणि १८८९ साली बाला गावाजवळ पाले येथे त्यांनी राणी व्हिक्टोरिया यांच्यासमोर मुलांच्या साथीने वादन केले. एकीकडे अमाप संपत्ती असलेली उमरावीण आणि दुसरीकडे रस्त्यावरचे फिरस्ते कुटुंब, अशा दोन टोकांच्या आश्रयाने हे वाद्य एकोणिसावे शतक ओलांडून आले. त्याच शतकाच्या अखेरीस पेन-अ-बॉन्ट-वाउरच्या शेतावर एक मुलगी ते ऐकत होती.

प्रश्न : हार्पविषयी पुष्कळ वाचायला मिळते, पण वेल्श लोकगीते गाणाऱ्यांविषयी फारसे ऐकू येत नाही. हार्प वाजवून स्वतः गाणारे कलावंत नव्हते का? (सातारा)

उत्तर : होते, आणि त्यांतील सर्वांत मोठे नाव ओशन एलिस यांचे. १९२८ साली फ्लिंटशर परगण्यातील फन्नॉनग्रोइउ येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते, यावरून मागील उत्तरातील चित्र किती बदलले होते हे दिसते. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख हार्पवादक आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये हार्पचे प्राध्यापक अशी त्यांची कारकीर्द होती. बेंजामिन ब्रिटन यांनी १९६९ साली हार्पसाठीची आपली रचना त्यांच्यासाठी लिहिली आणि तिचा शेवट वेल्समध्ये सर्वांना ठाऊक असलेल्या एका प्रार्थनागीताच्या चालीवर केला. हे सगळे करीत असतानाही ते आयुष्यभर स्वतःच्या हार्पवर वेल्श लोकगीते आणि केर्द दांट गात राहिले, आणि मुद्रितही करीत राहिले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ते पेडल हार्प वाजवत आणि नान्सी तिहेरी, म्हणून काही जण त्यांना परंपरेच्या बाहेर ठेवू पाहतात. मला हे मान्य नाही. त्यांच्या गाण्यात शब्द ज्या स्वच्छपणे आणि आपुलकीने येतो तो केर्द दांटमध्ये वाढलेल्या माणसाशिवाय कोणाला साधणार नाही.

हार्पशिवाय गाणाऱ्यांत मेरेदिद एव्हान्स (१९१९ ते २०१५) यांचे नाव आधी घेतले पाहिजे. त्यांना बहुतेक गाणी आईकडून मिळाली होती आणि अमेरिकेत शिकवीत असताना केलेले त्यांचे वेल्श लोकगीतांचे मुद्रण १९५४ साली प्रसिद्ध झाले. मूळच्या अमेरिकन गायिका असलेल्या त्यांच्या पत्नी फिलिस किनी वेल्श शिकल्या आणि पुढे या संगीताच्या सर्वांत अधिकारी अभ्यासक ठरल्या. अशा गायकांना गाणी मिळाली त्यामागे १९०६ साली सुरू झालेल्या वेल्श लोकगीत संस्थेचे संकलन आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जे. लॉइड विल्यम्स तिच्या नियतकालिकाचे संपादन करीत होते, तर रूथ हर्बर्ट लुइस फोनोग्राफ घेऊन फ्लिंटशरमधील म्हाताऱ्या माणसांची गाणी मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेत होत्या.

गायकांविषयी बाहेर कमी ऐकू येते याचे कारण भाषेत आहे. हार्प भाषा न जाणणाऱ्यालाही कळते. गाण्याचे तसे नाही. १९११ च्या जनगणनेत वेल्समधील ४३.५ टक्के लोक वेल्श बोलत होते, २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आले. म्हणून वेल्समध्ये लोकगीत गाणारा कलावंत नकळत भाषेच्या बाजूनेही उभा असतो, आणि वेल्श श्रोते त्याच्यावर जे प्रेम करतात त्यात हाही भाग असतो.

प्रश्न : आज तिहेरी हार्प कोण वाजवते, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी? (ठाणे)

उत्तर : वाद्यच मिळेनासे झाले होते ही एके काळची मोठी अडचण होती. पेंब्रोकशरमधील कारागीर जॉन वेस्टन टॉमस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिहेरी हार्प पुन्हा बनवायला घेतली आणि इतर कारागीरही तयार केले. वादकांमध्ये नान्सी यांच्या शिष्या ल्हिओ रदेर्ख (जन्म १९३७) यांनी स्वतः पुष्कळ तरुणांना हे वादन शिकवले. रॉबिन ह्यू बोवेन यांना जॉन रॉबर्ट्स यांच्या वंशातल्या एल्द्रा जार्मन यांच्याकडून रोमा कुटुंबातील चाली मिळाल्या, म्हणजे जुना प्रवाह दुसऱ्या वाटेनेही त्यांच्यापर्यंत पोहोचला.

सुरुवात मी नान्सी यांच्यापासून करणार नाही. त्यांची मुद्रणे जुनी आहेत, काही उतारवयातली आहेत, आणि नवख्या कानाला त्यांतली खरखर आधी ऐकू येईल. आधी रॉबिन ह्यू बोवेन यांच्या नाचाच्या चाली ऐकाव्यात, म्हणजे तिहेरी हार्पचा नाद आणि दोन हातांमधील स्वरांची देवघेव कानात बसेल. मग ल्हिओ रदेर्ख यांच्या संथ चाली ऐकाव्यात, कारण एकाच चालीची रूपे बदलत नेण्याची जुनी रीत त्यांच्याकडे सर्वांत मोकळेपणाने येते. त्यानंतर ओशन एलिस यांचे गायन आणि शेवटी नान्सी. त्या वेळी डाव्या हाताने वाजणाऱ्या उंच तारांकडे विशेष लक्ष द्यावे, आणि तीच ओळ परत येते तेव्हा तिच्यात काय बदलले हे शोधावे. ज्यांना वेल्सला जाणे शक्य आहे त्यांनी कार्डिफजवळचे सेंट फॅगन्स संग्रहालय अवश्य पाहावे. तिथे जुन्या लोकगीतांच्या मुद्रणांचा मोठा संग्रह आहे.